जांभळीचा सातवा भोवरा

रविवार, ३ जानेवारी १९७१
अहमदनगर

नवी वही आणून तीन दिवस झाले आणि लिहायला काही नव्हतं. मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंच्या आयुष्यात घडणार काय? सातवी ब च्या मुलींनी फुलदाणी काढली, एकूण एक फुलदाणी डावीकडे कलंडलेली. झालं वर्षाचं उद्घाटन.

पण आज घडलं. शामकांतकाका चहाला आले. काका गुरांचे डॉक्टर. बसता बसता म्हणाले, "विजू, तुला घोडा काढता येतो का गं?"

मी म्हटलं, "काका, मला काय काढता येत नाही ते विचारा."

आई आतून म्हणाली, "भाकरीचा पापुद्रा."

तिच्याकडे दुर्लक्ष केलं. काकांची हकिकत अशी. फेब्रुवारीत इथल्या माळावर जिल्ह्याची घोडेस्वारीची स्पर्धा असते. अडथळ्यांवरून उड्या, दौड, आणि भरधाव घोड्यावरून भाल्यानं जमिनीतली मेख उचलायची. गेल्या वर्षी मेखेत पहिली आली शिंगणापूरच्या मुक्ताबाईंची घोडी. स्वार मुक्ताबाईंचा दीर, गोरक्ष. पण पारनेरकडचा कारभारी नावाचा एक स्वार हरलेला, त्यानं हरकत घेतली. घोडीच्या दाखल्यावर लिहिलेलं 'काळी, कपाळावर चांद', आणि मैदानावर उभी होती ती करडी, कपाळावर चांद ना बिंद. घोडी बदलली म्हणून समितीनं तिला बाद केलं. दाखला तीन वर्षांपूर्वीचा, बाजारातून शिंगरू आणलं तेव्हाचा. काका म्हणतात, काही घोडी जन्मतात काळी आणि वर्षावर्षानं पांढरी होत जातात, माणसासारखीच. पण तेव्हा काका बाहेरगावी होते आणि मैदानावर कुणाच्या डोक्यात हे आलं नाही.

आता त्या घरच्यांना सोनईच्या बाजारात लोक टोमणे मारतात, "दार नसलेल्या गावातली मानसं घोडं बदलत्यात व्हय?"

मला तर ऐकूनच राग आला. काकांना म्हटलं, मी घोडा काढेन. का काढायचा ते नंतर सांगा.

मंगळवार, ५ जानेवारी

समितीच्या बैठकीला गेले. बाई मी एकटीच. अध्यक्ष आबासाहेब, रिसाल्यातले निवृत्त रिसालदार, मिशा अशा की ब्रशनं काढाव्यात. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताक फुंकताहेत. त्यांचा हुकूम असा की यंदा ज्या घोड्याची कायमची ओळख नाही तो मैदानात येणार नाही.

कायमची ओळख करायची कशी, यावर दोन तास खल. आबासाहेबांचं म्हणणं सरळ. तापलेल्या लोखंडानं घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर नंबर डागायचा. कुणी म्हणालं, ओठाच्या आत गोंदावं. ते म्हणाले, पुसट होतं. कुणी म्हणालं, खुरावर नंबर डागावा. काका हसले. खूर म्हणजे नख, वाढत जातं, वर्षाच्या आत नंबर नालबंदाच्या कानशीखाली जाऊन भुगा. काकांनी मग कुठंसं वाचलेलं सांगितलं की परदेशात बर्फाच्या कैकपट थंड लोखंड लावतात, तिथे मग केस पांढरे उगवतात. मी बोलून गेले, "पांढऱ्या होत चाललेल्या घोडीवर पांढरा नंबर वाचणार कोण?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात दाराशी उभा असलेला एक उंच, काळासावळा माणूस बोलला. तोच गोरक्ष. टोपी हातात घेऊन म्हणाला, "साहेब, आमची आई डाग देऊ देनार न्हाई. ती म्हनती, आपल्या घराला दार न्हाई, कडी न्हाई, कुलूप न्हाई. देवाच्या भरवशावर पिढ्या गेल्या. अन् आता घोडीच्या अंगावर कुलूप घालू व्हय? डाग म्हंजी कुलूपच की. चोरीच्या भ्यानं घालायचं."

आबासाहेब तापले. "मग घोडी घरी ठेवा."

"घरी ठिवली तर लोक म्हनत्यात, बदललेलीच हुती म्हनून आनली न्हाई."

त्याचं तोंड कसनुसं झालं. तेव्हा काकांनी डाव टाकला. म्हणाले, "आबासाहेब, घोड्याच्या अंगावर भोवरे असतात. केस गोल फिरतात ती जागा. कपाळावर, मानेवर, छातीवर. रंग बदलतो, चांद नाहीसा होतो, भोवरा मरेपर्यंत हलत नाही. दोन घोड्यांचे सगळे भोवरे एकाच जागी आलेले मी तरी पाहिले नाहीत. माणसाच्या अंगठ्याचा ठसा चालतो ना तुम्हाला? मग हा घोड्याचा ठसा. ज्यांना डाग नको त्यांच्या घोड्यांची बोटाबोटानं मोजून चित्रं करू. माझी पुतणी करेल."

आबासाहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, घोड्याला कधी हात लावलाय?"

"टांग्यात बसलेय," मी म्हटलं.

हसले लोक. पण त्यांनी मान्य केलं, अट घालून. स्पर्धेच्या सकाळी ते स्वतः कोऱ्या कागदावर भोवरे मोजणार, मग माझा कागद उघडणार. एक जरी चुकला तर तो घोडा बाद, आणि पुढच्या वर्षीपासून सरसकट लोखंड.

डाग नको म्हणणाऱ्यांची नऊ घोडी आहेत. हो म्हणून आलेय. आईला अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ८ जानेवारी

रोज शाळा सुटली की स्टेशनवर टांग्यांच्या अड्ड्यावर. आज एका घोड्यानं माझी वेणी चघळली. पण पाच घोड्यांचे भोवरे डोळे झाकून सांगते. पांढऱ्या खुणा तांबड्या शाईनं, भोवरे काळ्या शाईची फुली. आकृती माझी मीच बेतली. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड. काका म्हणाले, छापलेल्यासारखी आहे. छापलेल्याहून चांगली आहे, पण काकांना चित्रातलं कळत नाही.

शनिवार, १६ जानेवारी
रात्र

आज शिंगणापूर. सकाळी सोनईपर्यंत एस.टी., पुढे गोरक्षची बैलगाडी. शनिवार म्हणून गर्दी, ज्याच्या त्याच्या हातात तेलाची वाटी. मी लांबूनच हात जोडले आणि मनात म्हटलं, देवा, माझी रेघ सरळ येऊ दे.

त्यांचं घर. उंबरा आहे, चौकट आहे, दार नाही. एक जुनं लुगडं आडवं टाकलेलं, कुत्रं येऊ नये म्हणून. मला सारखं वाटत होतं की दार उघडं राहिलंय, कुणीतरी लावा. मुक्ताबाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. कपाळ मोकळं. नवरा विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेला. घोडी त्यानंच आणलेली, आणि आणल्यापासून सहा महिन्यांत तो गेला. सासू राहीबाई, ठेंगणी, कडक, डोळे बारीक करून बघते. मुक्ताबाई हळूच म्हणाली, "आत्याबाईंला आताशा नीट दिसत न्हाई."

घोडीचं नाव जांभळी. पिकल्या जांभळासारखी काळी होती म्हणून. आता राखेच्या रंगाची झालीय, तोंड तर जवळजवळ पांढरं. नावच साक्ष देतंय, आणि समितीला दाखल्यावरचा एक शब्द पुरला! शहाणी घोडी. मी जवळ गेले तर माझ्या वहीचा वास घेतला आणि मान दिली.

सहा भोवरे. कपाळावर एक, मानेला दोन्हीकडून एकेक, छातीवर एक, दोन्ही कुशींत एकेक. प्रत्येकाचं अंतर बोटांनी मोजलं. तोंडाचं चित्र तर असं उतरलं की गोरक्ष म्हणाला, "आता हिला वैरन टाका."

आणि मग म्हातारीनं घाण केली. देवाचं तेल घेऊन आली, घोडीच्या डाव्या गालावर थापलं, पदरानं हळूहळू पुसत राहिली. दर शनिवारी लावते म्हणे. मग माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली, वहीत कितीतरी वेळ बघितलं, आणि तेलाचं बोट ठेवलं थेट चित्रावर, डाव्या डोळ्याच्या खाली.

"अन् हितं?" म्हणाली.

मी म्हटलं, "आजी, तो डोळा नाही. डोळा वर आहे, तो गाल आहे."

ती माझ्याकडे बघून हसली आणि निघून गेली. कागदावर रुपयाएवढा तेलाचा डाग! दुपारभराची मेहनत. परतीच्या गाडीत सारखी वही उघडून डाग बघत राहिले.

रविवार, १७ जानेवारी

खडूची पूड लावून पाहिली, डाग जात नाही. पान फाडणार होते. पण नाकपुड्या इतक्या छान साधल्यात की हात होईना. असू दे. कच्च्या वहीत कोण बघणार आहे? पक्का कागद वेगळाच करायचाय.

म्हाताऱ्या माणसांना चित्राजवळ येऊ देऊ नये.

मंगळवार, २६ जानेवारी

झेंडावंदन उरकून एकटीच शिंगणापूरला गेले. कुशीतल्या भोवऱ्याचं अंतर चार बोटं की साडेचार, झोप लागत नव्हती.

जांभळी गोठ्याबाहेर उभी होती. तोंडावरची मोरकी धुवायला काढलेली. एरवी तिच्या मोरकीला गालावर लोकरीचा मोठा गोंडा असतो, आज तोंड मोकळं. तेलही नव्हतं. ऊन तिरपं पडलेलं, आणि मला डाव्या डोळ्याखाली दोन बोटांवर केस फिरलेले दिसले. सातवा भोवरा! माझ्या आनंदाला सीमा नाही. आबासाहेबांना सापडला असता तर मी मेलेच होते. वही उघडून फुली मारली. गंमत म्हणजे म्हातारीचा तेलाचा डाग नेमका तिथेच होता, फुली डागाच्या मधोमध बसली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात तसं. खाली तारीख घातली.

मागे वळले तर मुक्ताबाई. हातात ओली मोरकी. चेहऱ्यावर रक्त नाही.

"बाई, तेवढा काढू नका. पाया पडते."

"का? उलट हाच तर..."

"आसूढाळ हाय त्यो."

मला कळेना. तिनं सांगितलं. डोळ्याखालचा भोवरा म्हणजे रडणारा घोडा. तो ज्या दावणीला येतो त्या घरात रडणं येतं. घरचा कर्ता पुरुष जातो. गळ्याखाली देवमण भोवरा असता तर सगळी खोड धुऊन निघाली असती, तो जांभळीला नाही. नवरा गेल्यावर कधीतरी खरारा करताना तिला हा दिसला, आणि तेव्हापासून गोंडा. शनिवारी सासूच्या तेलानं केस चिकटतात, तेवढे दोन दिवस तिला निवांत.

"आत्याबाईंला ठावं न्हाई. त्यांचा ल्योक गेलाय, बाई. घोडी आली अन् सा म्हैन्यांत गेला. त्यांला कळलं तर एक दिस ठिवनार न्हाईत. अन् त्यांच्या..." म्हणजे नवऱ्याच्या, "त्यांच्या हातचं माझ्याजवळ येवढंच राह्यलंय. मूल न्हाई, बाळ न्हाई. जांभळी हाय."

"तुमचा विश्वास आहे यावर?" मी विचारलं.

तिनं घोडीच्या मानेवर हात फिरवला. "दिसा न्हाई. रातच्याला कंदी कंदी वाटतं."

मी काय करायला हवं होतं? समितीला कागद द्यायचा तो खरा द्यायचा, हे शेंबड्या पोराला कळतं. पण तिनं माझा हात धरला होता आणि तो सोडवेना. मी म्हटलं, "बरं. नाही काढत."

गुरुवार, २८ जानेवारी

जांभळीचा पक्का कागद केला. सहा भोवरे. इतका सुंदर कागद मी आजवर केलेला नाही आणि इतका खोटाही.

काकांना सांगावं का? सांगितलं तर ते दुरुस्त करतील. नाही सांगितलं तर स्पर्धेच्या दिवशी आबासाहेबांचं बोट आणि माझं नशीब. स्पर्धा एकवीस फेब्रुवारीला, रविवारी. शनिवारी म्हातारी तेल लावणारच, केस चिकटलेले असतील, वरून गोंडा. दिसायचा नाही. ती अर्धी आंधळी म्हातारी नकळत आम्हाला मदत करणार.

गणितात कच्ची होते तेव्हाही मी कुणाची पाटी बघून लिहिलं नाही.

शनिवार, ६ फेब्रुवारी

नऊच्या नऊ कागद समितीला दिले. आबासाहेबांनी एकेक उजेडात धरून पाहिला. राहात्याच्या तांबड्या घोड्याचा पाय बघून म्हणाले, "ह्या पायाला मागे मार लागलाय. बरोबर?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही, दिसलं तसं काढलं. ते म्हणाले, "दिसलं तसं काढणारी माणसं फार थोडी, बाई."

छाती दोन इंच फुगली आणि लगेच खाली बसली. जांभळीचा कागद त्या गठ्ठ्यात शेवटचा होता.

रविवार, २१ फेब्रुवारी
स्पर्धेचा दिवस

आज झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, माझ्या बाजूनं काही झाकायचं नाही.

सकाळी आठला माळावर तपासणी. आबासाहेब कोट काढून, बाह्या सारून, कोऱ्या आकृतीवर फुल्या मारताहेत. घोडा झाला की काका माझा कागद उघडतात आणि दोन्ही शेजारी धरतात. पहिला जुळला. दुसरा जुळला. आठवा जुळला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मान ताठ करून उभी, जणू घोडे मीच जन्माला घातलेत.

नववी जांभळी. मुक्ताबाईनं लगाम धरलेला. राहीबाई लांब लिंबाखाली भाकरीचं गाठोडं घेऊन बसलेली. आबासाहेबांनी मोरकी उतरवायला सांगितली. मी जमिनीकडे पाहिलं. कपाळ, मान, छाती, कुशी. सहा. आता संपलं असं वाटलं, तोच ते परत तोंडाशी आले. अंगठा डाव्या गालावरून वर गेला आणि थांबला. अंगठ्याचा वास घेतला.

"तेल? घोडीच्या तोंडाला?"

खिशातून रुमाल काढून त्यांनी गाल खसाखसा पुसला, केस उलटे फिरवले आणि कागदावर फुली मारली. काकांनी माझा कागद उघडला. त्यांचा चेहराच सांगत होता.

"कागदावर सहा," आबासाहेब म्हणाले. "घोडीवर सात. आणि सातवा तेलाखाली लपवलेला."

गर्दीतून कारभारी ओरडला, "म्हनलं नव्हतं? औंदा बी बदलली!"

एकच गलका. कुणी शिंगणापूरच्या नावानं घाण बोललं. गोरक्षनं भाला जमिनीवर टाकला. आणि मुक्ताबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. घोडी बाद होऊ दे, जन्माचा बट्टा लागू दे, पण तिथे बसलेल्या सासूला कळता कामा नये. तिनं ठरवून टाकलं होतं.

मी गप्प होते. मनात मोजलं तर दहा आकडे होतील एवढा वेळ मी गप्प होते. ते दहा आकडे माझ्या नावावर राहतील. मग मात्र मला स्वतःचाच संताप आला. ही बाई घोडीसाठी नाव सोडायला निघालीय आणि मी माझ्या आठ टाळ्यांना कवटाळून बसलेय?

"घोडी तीच आहे, आबासाहेब," मी म्हटलं. आवाज चिरकला. "खोटा माझा कागद आहे. सातवा भोवरा मला माहीत होता."

"राहिला की गाळला?"

"गाळला."

"का?"

आता ते कसं सांगणार? काका म्हणाले, "विजू, बोल." मी मान हलवली. आबासाहेबांच्या मिशा थरथरायला लागल्या.

"तिला कशापायी दटावता, सायेब? म्या सांगते."

राहीबाई उठून आली होती. गर्दीनं तिला वाट दिली. आली ती सरळ, न चाचपडता, घोडीच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि पदराचं टोक त्या जागेवर ठेवलं.

"आसूढाळ हाय त्यो. माझ्या ल्योकानं हिला आनली त्याच दिशी मला दावला. म्हनला, आये, बाजारात हिला कुनी हात लावीना, रडती घोडी म्हनून. म्या म्हनलं, आरं मंग तू का आनली मुडद्या? तर हसला. म्हनला, रडती तर रडू दे, आपुन पुसू की." तिनं तो पदर घोडीच्या गालावरून फिरवला. "तवापास्नं पुसती हाय."



मुक्ताबाईच्या हातातून लगाम सुटला. "आत्याबाई, तुमाला ठावं हुतं?"

"मला काय ठावं नसतंय गं? तुला कळू नये म्हनून तेल थापीत हुते. म्हनलं, तरनी पोर, जिवाला लावून घील, माझ्या मालकाला ह्या घोडीनं खाल्लं म्हनंल, अन् कुनाच्या बी दावनीला बांधून मोकळी हुईल. माझ्या ल्योकाचं दुसरं काय हाय माझ्यापाशी?"

"मी तुमाला कळू नये म्हनून गोंडा बांधला."

"ठावं हाय. लई वंगाळ गोंडा हुता."

आणि त्या दोघी सगळ्या जिल्ह्यासमोर हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. जांभळी मध्ये उभी, कान हलवत.

आबासाहेबांनी घसा खाकरला. आवाज बदलला होता, पण माणूस नियमाचा. "हे सगळं मी ऐकलं. पण ओळख कागदानं ठरायची आहे. महिनाभरापूर्वी ही खूण होती, याला पुरावा?"

पिशवीत कच्ची वही होती! मी ती अशी ओढली की पेन्सिली उडाल्या. सोळा जानेवारीचं पान, सव्वीस जानेवारीची फुली, खाली तारीख. आबासाहेबांनी बोटांनी माप घेतलं. घोडीवर दोन बोटं, कागदाच्या मापानं बरोबर तेवढंच. बाकीचे सहाही तंतोतंत.

"आणि हा डाग कसला?"

"म्या तर बाईला तवाच इचारलं हुतं," राहीबाई म्हणाली आणि बोट नेमकं डागावर ठेवलं. "हितला का न्हाई काढला म्हनून. ती मला डोळा कुठला न् गाल कुठला ते शिकवाया लागली."

सगळे हसले. मी लाजून पाणी पाणी झाले. म्हणे हिला दिसत नाही!

आबासाहेब माझ्याकडे वळले. "बाई, पक्का कागद खोटा करणारा माणूस माझ्या रिसाल्यात असता तर मी त्याचा पट्टा उतरवला असता."

"हो," मी म्हटलं.

"पण कच्ची वही फाडून न टाकणाऱ्याला सोडलाही नसता." त्यांनी माझ्या हातात टाक दिला. "काढा. सगळ्यांदेखत."

मी काढली. सातवी फुली, डाव्या डोळ्याखाली दोन बोटांवर. शेजारी सही केली आणि तारीख घातली.

मग ते स्वतः लाउडस्पीकरपाशी गेले आणि म्हणाले की शिंगणापूरची घोडी गेल्या वर्षीही तीच होती, काळं शिंगरू वाढता वाढता करडं होतं हे न बघता समितीनं रंगावर भरवसा ठेवला, चूक समितीची, आणि गेल्या वर्षीचा पहिला नंबर तिचा तिला परत. एवढा मोठा मिशीवाला माणूस चूक झाली म्हणतो, हे मी याआधी पाहिलं नव्हतं.

दुपारी गोरक्षनं चारांतल्या तीन मेखा उचलल्या. चौथी हुकली. राहात्याच्या तांबड्याला पहिला नंबर, जांभळीला दुसरा. मी हळहळले तर राहीबाई म्हणाली, "दुसरा तर दुसरा. गेल्या सालचा पयला आज मिळाला न्हवं? एका दिसात किती खायाचं मान्सानं?"

तिनं मला भाकरी दिली. आईच्या भाकरीहून पापुद्रा चांगला होता. हे आईला सांगणार नाही.

शनिवार, २७ फेब्रुवारी

समितीचं पत्र आलं. पुढच्या वर्षीपासून डाग ऐच्छिक, भोवऱ्यांचा कागद सक्तीचा, आणि सगळ्या घोड्यांचे कागद करायचं काम माझ्याकडे. खाली एक ओळ आबासाहेबांच्या हातची होती, 'कच्ची वहीही जमा करावी.' पत्र तीनदा वाचलं. आईनं एकदा वाचलं आणि शेजारी नेऊन दाखवलं, मग आणखी दोन घरी. मी अडवलं नाही.

संध्याकाळी गोरक्ष आला. सोनईच्या बाजारातून थेट. म्हणाला, कारभारी भेटला होता, त्यानंच चहा पाजला. पिशवीतून त्यानं कापडात गुंडाळलेली तेलाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

"आईनं दिलीय. म्हनली, आता हितं लागत न्हाई."

"म्हणजे? आज शनिवार ना? तेल नाही लावलं?"

"न्हाई. गोंडा बी वैनीनं काढून टाकला. लोक येत्यात, बघत्यात, एकदोघं बोलत्यात बी. आई म्हनती, दिसू द्या. त्याच्यावरनंच तर माझी घोडी वळखली."

तो गेल्यावर वही काढली. सोळा जानेवारीचं पान. डाग अजून तसाच आहे, कडेनं थोडा पिवळा झालाय. सोमवारी ही वही समितीत जमा करायची. आणि मी मेली तो डाग घालवायला खडूची पूड घेऊन बसले होते!

आधी या पानाची नक्कल करून घेते, डागासकट.